मतदार यादीतले आजीचे नाव
(नागरिकशास्त्राच्या अभ्यासासाठी : इयत्ता नववी ते बारावी)



मागच्या महिन्यात नववीच्या वर्गात मी एक सोपा प्रश्न विचारला. "आपल्या आजीचे संपूर्ण नाव सांगा." बरेच हात वर झाले. मग विचारले, "आता पणजीचे सांगा." हात खाली गेले. एक मुलगा म्हणाला, "बाई, त्यांना सगळे माईच म्हणायचे." दुसरी म्हणाली, "आमच्याकडे वहिनी म्हणत." तिसऱ्याला पणजोबांचे नाव, त्यांची नोकरी, त्यांनी बांधलेले घर, सगळे माहीत होते. पणजीचे नाव मात्र ठाऊक नव्हते.

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट आहे, असे तुम्हाला वाटेल. पण स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत याच एका कारणावरून सुमारे २८ लाख स्त्रियांचे मत गेले. कायद्याने त्यांना मत दिले होते. यादीत त्यांचे नाव नव्हते, म्हणून ते त्यांना देता आले नाही. आणि या स्त्रिया दूर कुठल्या नव्हत्या. ज्या थोड्या राज्यांत हा प्रकार झाला, त्यांत आपले मध्यभारत राज्यही होते. इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर ही शहरे तेव्हा त्याच राज्यात होती.

तुमच्या हिंदी पुस्तकात 'सार्वभौमिक वयस्क मताधिकार' या नावाचा जो भाग आहे, त्यालाच मराठीत 'सार्वत्रिक प्रौढ मताधिकार' म्हणतात. परीक्षेत आपण त्याची व्याख्या लिहितो आणि दोन गुण मिळवतो. पण हा अधिकार एका दिवसात आलेला नाही. तो पायरी-पायरीने कसा वाढत गेला आणि प्रत्येक पायरीवर कोण बाहेर राहिले, हे आज पाहू.

पहिली पायरी : ज्याचा कर, त्याचे मत

मताचा अधिकार पूर्वी माणसाला नव्हता, मालमत्तेला होता असे म्हटले तरी चालेल. आपल्यावर राज्य करणाऱ्या इंग्लंडमध्येही हीच स्थिती होती. तिथे १८३२ च्या कायद्याने मध्यमवर्गातील काही पुरुषांना मत मिळाले. गिरणीतल्या आणि खाणीतल्या मजुरांना मिळाले नाही. १८६७ आणि १८८४ च्या कायद्यांनी दार आणखी थोडे उघडले. १९१८ मध्ये एकवीस वर्षांवरील जवळजवळ सर्व पुरुषांना मत मिळाले. स्त्रियांनाही त्याच वर्षी मिळाले, पण वय तीस पूर्ण हवे आणि घर-जागेची अट स्वतः किंवा नवऱ्यामार्फत पूर्ण व्हायला हवी. स्त्री-पुरुषांना सारख्या अटींवर मत मिळायला १९२८ साल उजाडले. म्हणजे पहिल्या कायद्यापासून जवळजवळ शंभर वर्षे गेली.

याच इंग्रजांनी आपल्याकडे निवडणुका आणल्या, तेव्हा हीच मोजपट्टी आणली. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी कायदेमंडळात काही निवडून आलेले सभासद बसू लागले, पण मतदार अगदी मोजके होते. याच कायद्याने मुसलमानांसाठी वेगळे मतदारसंघ ठेवले. म्हणजे मतदाराने कोणासाठी मत द्यायचे, हे त्याच्या धर्मावरून ठरू लागले.

१९१९ चा माँटेग्यू-चेम्सफर्ड कायदा आला आणि प्रांतांच्या कायदेमंडळांसाठी मोठ्या प्रमाणावर थेट निवडणुका सुरू झाल्या. मतदार कोण? जो ठरावीक शेतसारा भरतो, प्राप्तिकर भरतो, ठरावीक भाड्याच्या घरात राहतो किंवा लष्करातून निवृत्त झाला आहे, तो. कोट्यवधी लोकसंख्येच्या देशात प्रांतिक मतदार सुमारे पन्नास लाख झाले. ज्याच्याकडे जमीन नाही, जो दुसऱ्याच्या शेतात राबतो, त्याचे नाव यादीत येण्याचा प्रश्नच नव्हता.

हा कायदा तयार होत असताना मताधिकाराचा विचार करायला साउथबरो समिती नेमली होती. तिच्यापुढे जानेवारी १९१९ मध्ये मुंबईत एका तरुण प्राध्यापकाने साक्ष दिली. त्यांचे नाव डॉ. भीमराव आंबेडकर. अस्पृश्य समाजाकडे मालमत्ता नाही, ती मिळू दिली गेली नाही, म्हणून मालमत्तेच्या अटीवर मत दिले तर हा समाज कायमचा बाहेर राहील, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे त्यांनी स्पष्टपणे प्रौढ मताधिकाराची मागणी केली. त्याच वर्षी मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालानेही प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत असावे असे सुचवले. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने हे तत्त्व ठरावात घेतले.

दुसरी पायरी : स्त्रियांना मत, पण कोणाची तरी म्हणून

डिसेंबर १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू मद्रासला असताना स्त्रियांचे एक शिष्टमंडळ त्यांना भेटले. सरोजिनी नायडू त्याच्या प्रमुख होत्या. नव्या कायद्यात स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत असावे, ही त्यांची मागणी होती. साउथबरो समितीने ती मानली नाही. हिंदुस्थानातील बहुतेक स्त्रिया पडद्यात राहतात, त्या मत द्यायला येणार नाहीत, असा सूर होता. मग मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन टाटा १९१९ मध्ये लंडनला गेल्या आणि तिथे त्यांनी स्त्रियांची बाजू मांडली. शेवटी लंडनच्या सरकारने निर्णय प्रांतांवर सोपवला. स्त्रियांना मत द्यायचे की नाही, हे ज्या-त्या प्रांताच्या कायदेमंडळाने ठरवावे. १९२१ मध्ये आधी मद्रासने आणि मग मुंबईने ठराव करून ही बंदी उठवली. इतर प्रांत मागोमाग आले.

आनंदाची गोष्ट होती. पण नीट पाहा. बंदी फक्त 'स्त्री' या शब्दावरची उठली, मालमत्तेची अट तशीच राहिली. आणि त्या काळात जमीन, घर, धंदा हे सारे नावावर असलेल्या स्त्रिया किती होत्या? त्यामुळे कागदावर अधिकार आला तरी यादीत नावे फार थोडी आली.

यावर १९३५ च्या कायद्याने एक युक्ती काढली. ज्या पुरुषाकडे ठरावीक मालमत्ता आहे, त्याच्या पत्नीलाही मत. लष्करातील माणसाच्या निवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवेला किंवा आईला मत. शिवाय साक्षर स्त्रीला मत. इंग्लंडमधली १९१८ ची 'नवऱ्यामार्फत' अट इथे नव्या रूपाने आली. मतदारांची एकूण संख्या तीन कोटींच्या वर गेली आणि स्त्री मतदार सुमारे साठ लाख झाल्या. १९३७ च्या निवडणुका याच यादीवर झाल्या.

भारतातल्या स्त्री संघटनांना मात्र ही युक्ती पसंत नव्हती. अखिल भारतीय महिला परिषदेसह तीन मोठ्या संघटनांनी मिळून सरकारला निवेदन दिले आणि सरसकट प्रौढ मताधिकार मागितला. राजकुमारी अमृत कौर, डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी आणि शरीफा हमीद अली यांनी १९३३ मध्ये लंडनच्या संसदीय समितीपुढे हीच बाजू मांडली. या शरीफाबाई बडोद्याच्या अब्बास तय्यबजींच्या कन्या. आपल्या ग्वाल्हेरच्या डॉ. लक्ष्मीबाई राजवाडे याही महिला परिषदेच्या कामात अग्रभागी होत्या. या सर्वांचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे : स्त्रीला मत द्यायचे तर ती नागरिक आहे म्हणून द्या, अमक्याची बायको किंवा तमक्याची विधवा म्हणून देऊ नका. नवरा वारला, त्याची जमीन गेली, तर तिचे मतही जाणार काय?

हा प्रश्न लक्षात ठेवा. पुढे तो वेगळ्या रूपात परत येणार आहे.

आपल्याकडे काय होते?

१९१९ आणि १९३५ चे कायदे इंग्रजांच्या थेट राज्यातील प्रांतांसाठी होते. इंदूर होळकरांचे, ग्वाल्हेर शिंद्यांचे, बडोदा गायकवाडांचे, धार आणि देवास पवारांचे. इथली प्रजा संस्थानिकांची प्रजा होती. त्या कायद्यांतून आपल्या पूर्वजांना मत मिळाले नाही. काही राजांनी शाळा, रुग्णालये, वाचनालये काढली, चांगला कारभार केला. काही संस्थानांत मर्यादित अधिकारांच्या सभाही होत्या. पण चांगला राजा मिळणे हे नशीब, आणि राज्यकर्ता निवडणे हा अधिकार. या दोहोंत फरक आहे. म्हणून ठिकठिकाणच्या प्रजामंडळांनी 'जबाबदार राज्यपद्धती'ची मागणी लावून धरली. राज्य करणाऱ्याने लोकांना जाब द्यावा, हा तिचा अर्थ.

२८ मे १९४८ रोजी इंदूर, ग्वाल्हेर आणि माळव्यातील इतर संस्थाने मिळून मध्यभारत राज्य झाले. (पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला ते नव्या मध्य प्रदेशात विलीन झाले.) इथल्या बहुतेक लोकांसाठी मतदार यादीत नाव येण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ होती.

तिसरी पायरी : एका उडीत सगळे

राज्यघटना तयार होत असताना एक मोठा प्रश्न होता. देशात शंभरातले ऐंशीहून अधिक लोक निरक्षर. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता सुमारे १८ टक्के होती, स्त्रियांची तर ९ टक्क्यांच्याही आत. अशा लोकांच्या हाती लगेच मत द्यायचे का? आधी शिकवू, मग देऊ, असे म्हणणारे होतेच. इंग्लंडसारख्या देशाने शंभर वर्षे घेतली, आपण घाई का करावी, हा मुद्दाही होता. खुद्द घटना समितीचे सभासद प्रांतिक कायदेमंडळांनी, म्हणजे मर्यादित मताधिकारावर निवडून आलेल्या आमदारांनी, निवडलेले होते.

तरीही घटना समितीने निर्णय घेतला तो स्पष्ट. अनुच्छेद ३२६ : लोकसभा आणि विधानसभांच्या निवडणुका प्रौढ मताधिकाराच्या तत्त्वावर होतील. अनुच्छेद ३२५ : प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण यादी असेल, आणि धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणावरून कोणालाही त्या यादीतून वगळता येणार नाही. १९०९ चे वेगळे मतदारसंघ संपले. शेतसाऱ्याची अट संपली. साक्षरतेची अट संपली. 'अमक्याची पत्नी' ही अटही संपली. एकवीस वर्षे पूर्ण झालेला प्रत्येक नागरिक मतदार झाला.

तुलना करून पाहा. फ्रान्समधील स्त्रियांना मत मिळाले १९४४ मध्ये. स्वित्झर्लंडमध्ये राष्ट्रीय निवडणुकीत स्त्रियांना मत मिळायला १९७१ साल उजाडले. अमेरिकेत काळ्या नागरिकांना कागदावर मत होते, पण दक्षिणेकडील राज्यांत वाचन-लेखनाच्या परीक्षा आणि दहशत यांमुळे ते देता येत नसे. त्यावर १९६५ मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

घटना लागू होण्याआधीच, १९४८ पासून, मतदार याद्यांचे काम सुरू झाले होते. २५ जानेवारी १९५० ला निवडणूक आयोग स्थापन झाला. मार्च १९५० मध्ये सुकुमार सेन पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. १७ कोटी ३२ लाख मतदारांची यादी तयार झाली. वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी ठेवली आणि तिच्यावर निवडणूक चिन्ह लावले. मतदाराने फक्त आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. हिमाचलच्या डोंगरात बर्फ पडण्याआधी, २५ ऑक्टोबर १९५१ ला, पहिले मतदान झाले. तिथे मत देणारे शाळामास्तर श्यामसरन नेगी पुढे 'भारताचे पहिले मतदार' म्हणून प्रसिद्ध झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये १०५ वर्षांचे असताना त्यांनी शेवटचे मत दिले आणि तीनच दिवसांनी त्यांचे निधन झाले.

"नाव काय तुमचे?"

आता आपण सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ.

यादी करणारा माणूस घरोघर जाई आणि घरातल्या प्रौढांची नावे लिहून घेई. पुरुषांची नावे लगेच मिळत. स्त्रियांचे विचारले की अडचण येई. परक्या पुरुषापुढे बाईने आपले नाव सांगायचे नाही, असा पुष्कळ ठिकाणी रिवाज होता. घरच्या पुरुषांनाही ते सांगणे बरे वाटत नसे. मग उत्तर येई : "बंडूची आई म्हणून लिहा." "अमक्याची बायको." "तमक्याची मुलगी." आणि अनेक ठिकाणी तसेच लिहिले गेले.

आपल्या मराठी माणसांना यात परके असे काही नाही. 'घरातली मंडळी', 'आमचे कुटुंब' असे शब्द आपण बायकोसाठी वापरत आलो. बायकोने नवऱ्याचे नाव घ्यायचे ते उखाण्यात. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले, की माहेरचे नाव मागे पडले. पुढे ती कोणाची तरी वहिनी, काकू, माई झाली. नाव होते, पण त्या नावाने हाक मारणारे कोणी उरले नाही.

यादीत असे चालणार नाही, हे सुकुमार सेन यांनी ओळखले. मतदान केंद्रावर 'बंडूची आई' म्हणून कोण आली, हे अधिकाऱ्याने कसे ओळखावे? एका गल्लीत चार बंडू असले तर? आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, मत हे व्यक्तीचे असते. व्यक्तीला नाव असते. आयोगाने आदेश दिला की स्त्री मतदाराचे स्वतःचे नाव लिहिलेच पाहिजे. ज्यांची नावे आधी नात्याने लिहिली आहेत, त्यांची खरी नावे मिळवावीत. मिळाली नाहीत तर ती नोंद काढून टाकावी.

देशात तेव्हा सुमारे आठ कोटी स्त्री मतदार होत्या. त्यांपैकी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मिळाली नाहीत आणि त्यांच्या नोंदी कमी झाल्या. यातल्या जवळजवळ सर्व बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि मध्यभारत या पाच राज्यांतल्या होत्या.

यावर ओरड झाली. इतक्या स्त्रियांचे मत एका औपचारिक कारणासाठी जावे काय, असे विचारले गेले. सेन यांचे मत वेगळे होते. ही ओरड झाली हेच बरे, त्यामुळे पुढच्या निवडणुकीपर्यंत लोक नाव सांगायला शिकतील, असे त्यांना वाटले.

तुम्हाला काय वाटते? आयोगाचे बरोबर होते की चूक? वर्गात यावर चर्चा करा. एक बाजू म्हणते, नियमापायी २८ लाख जणींचा हक्क गेला, आणि त्यांतल्या अनेकींना कोणी विचारलेही नसेल. नाव लपवले ते घरच्यांनी. दुसरी बाजू म्हणते, 'अमक्याची बायको' अशी नोंद एकदा चालवून घेतली असती, तर १९३३ मध्ये ज्या गोष्टीविरुद्ध लंडनपर्यंत जाऊन भांडलो, तीच मागच्या दाराने आत आली असती.

मला स्वतःला दुसरी बाजू पटते, पण पहिल्या बाजूचे दुःखही खोटे नाही. यादीतून वगळलेल्या त्या बाईला शिक्षा झाली ती दुसऱ्यांच्या संकोचाची.

पुढच्या पायऱ्या

त्यानंतरही मताधिकार वाढत राहिला. काही मुख्य टप्पे वहीत लिहून घ्या.

१९८९ : एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ झाले. ही दुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून लागू झाली आणि त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत अठरा ते एकवीस वयाच्या तरुणांनी प्रथमच मत दिले.

१९९३ : मतदारांना छायाचित्र असलेले ओळखपत्र देण्याचे काम सुरू झाले. त्याच वर्षी त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली आणि गावच्या पंचायतीपासून नगरपालिकेपर्यंत नियमित निवडणुका बंधनकारक झाल्या.

२००९ : तृतीयपंथी मतदारांना यादीत 'पुरुष' किंवा 'स्त्री' याऐवजी 'इतर' अशी नोंद करण्याची सोय झाली.

२०११ : परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांना यादीत नाव घालता येऊ लागले. मतदानासाठी मात्र इथे यावे लागते.

२०१३ : सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय आला.

२०२४ : लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील वृद्ध आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेले मतदार यांना देशभर घरून मत देण्याची सोय मिळाली.

आणि स्त्रियांचे काय झाले? १९६२ मध्ये शंभर पुरुष मतदारांपैकी सुमारे ६३ जणांनी मत दिले, स्त्रियांपैकी सुमारे ४७ जणींनी. सोळा-सतराचा फरक. तो हळूहळू कमी होत गेला. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत स्त्रियांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांपेक्षा किंचित पुढे गेली. ज्यांच्याबद्दल 'त्या मत द्यायला येणारच नाहीत' असे एकेकाळी म्हटले होते, त्यांच्या नातींनी आणि पणतींनी दिलेले हे उत्तर आहे.

सर्व प्रश्न मात्र संपलेले नाहीत. खटला अजून चालू आहे, दोष सिद्ध झालेला नाही, असा तुरुंगातला कैदीही मत देऊ शकत नाही. कामासाठी परगावी गेलेल्या मजुराचे नाव गावच्या यादीत असते आणि मतदानाला जायचे तर रोजगार बुडतो, प्रवासाचे पैसे लागतात. अधिकार आहे, पण वापरता येत नाही, ही जुनीच गोष्ट नव्या रूपात आहे.

आता आपली पाळी

हा लेख लिहिण्याचे खरे कारण आता सांगते. बारावीतल्या एका मुलीला मी विचारले, "अठरा पूर्ण झाली ना? नाव घातलेस का यादीत?" ती म्हणाली, "बाई, घरचे म्हणतात, आता कशाला? लग्न झाले की सासरी घालू." तिच्या भावाचे नाव मात्र अठरा पूर्ण होताच घातले होते.

घरच्यांच्या मनात वाईट काही नव्हते. मुलगी आज ना उद्या जाणार, मग दोनदा खटपट कशाला, एवढाच विचार. पण या वाक्यात १९३५ चा कायदा लपलेला आहे, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. ती कोणाची तरी पत्नी होईपर्यंत तिचे मत थांबवून ठेवायचे, असाच त्याचा अर्थ झाला. लग्न पाच-सात वर्षांनी होईल किंवा होणारही नाही. तोवर नगरपालिका, विधानसभा, लोकसभा अशा सगळ्या निवडणुका होऊन जातील.

म्हणून काही गोष्टी नीट समजून घ्या.

एक : नाव घालण्यासाठी 'नमुना ६' हा अर्ज असतो. तो आपल्या भागातील मतदान केंद्र अधिकाऱ्याकडे देता येतो किंवा आयोगाच्या संकेतस्थळावर भरता येतो. चौकशीसाठी १९५० हा दूरध्वनी क्रमांक आहे. घटना लागू झाली तेच साल, त्यामुळे विसरणे कठीण.

दोन : पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण असतील तरच त्या वर्षी नाव येई. २ जानेवारीला जन्मलेल्याला वर्षभर थांबावे लागे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. सतरा वर्षे पूर्ण झाली की आगाऊ अर्जही देता येतो.

तीन : आपण जिथे नेहमी राहतो तिथल्या यादीत नाव असते. घर बदलले, लग्न झाले, दुसऱ्या गावी कायम राहायला गेलो, तर 'नमुना ८' भरून नाव नव्या पत्त्यावर नेता येते. त्यामुळे 'दोनदा खटपट' हे कारण टिकत नाही. दोन ठिकाणी नाव ठेवणे मात्र गुन्हा आहे.

चार : नाव एकदा घातले म्हणजे काम संपले, असे नाही. याद्या वेळोवेळी तपासल्या जातात. २०२५ च्या शेवटी मध्य प्रदेशासह अनेक राज्यांत याद्यांची विशेष फेरतपासणी सुरू झाली आणि घरोघरी अर्ज देण्यात आले. अशा वेळी घरातल्या प्रत्येकाने आपले नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, पत्ता आणि वय स्वतः वाचून पाहावे. विशेषतः ज्या आई-आजींचे माहेरचे आणि सासरचे नाव वेगळे आहे, त्यांच्या नोंदी नीट पाहा. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, ओळखपत्रावर दुसरे, असे असेल तर वेळेत दुरुस्ती करून घ्या.

मताधिकाराच्या इतिहासात मालमत्तेची अट गेली, शिक्षणाची गेली, लिंगाची गेली, वय कमी झाले. एक अट मात्र राहिली आणि ती राहणारच : यादीत नाव हवे. ते घालण्याचे काम दुसरे कोणी आपल्यासाठी करील, अशी वाट पाहू नये.

नववीच्या वर्गाला मी पणजीचे नाव घरी विचारून यायला सांगितले होते. आठवड्याभरात बरीच नावे आली. एक मुलगी कागदाचा तुकडा घेऊन आली. तिच्या आजीने आपल्या सासूबाईंची दोन्ही नावे, माहेरचे आणि सासरचे, स्वतःच्या हाताने लिहून दिली होती. देताना आजी म्हणाल्या होत्या, "हे नाव मी आज पहिल्यांदाच लिहिते आहे."

उपक्रम

१. आपल्या आई, आजी आणि पणजीचे माहेरचे व सासरचे पूर्ण नाव विचारून वहीत लिहा. त्यांनी पहिले मत कोणत्या वर्षी दिले, तेही विचारा.

२. १९१९, १९३५ आणि १९५० या तीन वर्षांचा तक्ता करा. आपल्या घरातल्या प्रत्येक माणसाला त्या-त्या नियमाने मत मिळाले असते का, आणि नसते तर कोणत्या अटीमुळे, ते लिहा.

३. चर्चा करा : १९५१ मध्ये नाव न सांगणाऱ्या स्त्रियांच्या नोंदी काढून टाकणे योग्य होते का? आणखी कोणता मार्ग काढता आला असता?

४. घरात सतरा वर्षे पूर्ण झालेले कोणी असेल, तर त्यांना 'नमुना ६' भरायला मदत करा. बहीण असेल तर आधी तिचा भरा.